वैशाखातही हिरवे अंगण

बंगळुरूच्या विमानतळावरील दुसऱ्या प्रवासी इमारतीत पाऊल ठेवणाऱ्या माणसास आपण विमानतळावर आलो आहोत की एखाद्या उद्यानात, असा क्षणभर संभ्रम पडतो. छतापासून हिरव्या वेली लोंबत असतात, भिंती पानांनी झाकलेल्या असतात आणि मधूनच पाण्याचा मंद आवाज कानी येतो. ११ नोव्हेंबर २०२२ रोजी उद्घाटन झालेल्या या इमारतीची मूळ कल्पनाच ‘बागेतील विमानतळ’ अशी होती. प्रवासी तेथून बाहेर पडतो तो मनात एक लहानशी इच्छा घेऊनच. आपल्या घरापुढेही असेच काही हिरवेगार असावे!

हा विमानतळ ज्या देवनहळ्ळी तालुक्यात वसला आहे, तेथे ही इच्छा अनेकांच्या मनात रोजच्या रोज उगवत असते. २००८ साली विमानतळ सुरू झाला आणि जेथे पूर्वी नाचणी, द्राक्षे व पपनस यांची शेते होती, तेथे तीस फूट बाय चाळीस फूट, चाळीस बाय साठ अशा मापांच्या भूखंडांच्या वसाहती उभ्या राहू लागल्या. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून आलेली कितीतरी कुटुंबे आज या परिसरात राहतात. मराठी माणसास हा मुलूख अगदीच परका नाही. १६३८ मध्ये बंगळूर जिंकले गेल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि त्या काळापासून मराठी बोलणारी घराणी या भागात नांदत आलेली आहेत. मात्र नव्याने आलेल्या गृहस्थास येथील माती, येथील पाणी आणि येथील उन्हाळा यांची ओळख नव्यानेच करून घ्यावी लागते.

त्या गृहस्थाचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे सहज उभे राहील. पतिपत्नी दोघेही नोकरी करणारी. घरी वृद्ध आईवडील, शाळेत जाणारी मुले. बागेसाठी मिळतो तो रविवारचा सकाळचा तासभर वेळ. घर बांधून होताच उत्साहाच्या भरात हिरवळीचे गालिचे अंथरले जातात, रोपवाटिकेतून रंगीबेरंगी कुंड्या येतात. शाळेला सुटी लागली की मंडळी पंधरा दिवस सांगलीला किंवा साताऱ्याला जातात. परत येऊन फाटक उघडतात, तो हिरवळ पिवळी पडलेली, क्रोटनची पाने गळालेली आणि गुलाबाच्या नुसत्या काटक्या उरलेल्या! माळी ठेवणे परवडत नाही, शेजाऱ्यास रोज पाणी घालण्याचा त्रास देणे बरे वाटत नाही. मग पुढल्या वर्षी त्या जागेवर फरशी बसते, आणि वृद्ध आजोबांना सकाळी खुर्ची टाकून बसण्यास सावलीचा एक हिरवा कोपराही राहत नाही.

हे टाळता येण्यासारखे आहे. अल्प श्रमाची बाग म्हणजे निष्काळजीपणाची बाग नव्हे. तिच्यातही काळजी घ्यावी लागतेच. फरक इतकाच, की ती काळजी पुढे रोज घेण्याऐवजी आरंभी, झाडे निवडण्याच्या वेळी, एकदाच नीट घ्यावयाची असते. ‘पंधरा दिवस मी नसताना हे झुडूप वैशाखात तग धरील काय?’ हा एकच प्रश्न रोपवाटिकेत उभे राहून आपण स्वतःस विचारला, तर निम्मे काम तेथेच झाले असे समजावे.

येथील कसोटी थंडीची नव्हे

सदाहरित झुडपांविषयी विलायती पुस्तकांतून व चित्रांतून जी माहिती मिळते, ती येथे जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. थंड देशांत ‘सदाहरित’ या शब्दास फार मोल आहे, कारण तेथे हिवाळ्यात बहुतेक झाडे निष्पर्ण होतात आणि बर्फातही हिरवी राहणारी मोजकीच झाडे बागेची शोभा राखतात. देवनहळ्ळी समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. येथील थंडी सुखद असते. शेजारच्या बंगळुरू शहरात नोंदले गेलेले आजवरचे सर्वांत कमी तापमान ७.८ अंश सेल्सिअस आहे, आणि तेही १८८४ सालचे. ज्या गावी पाणी गोठत नाही, तेथे झाडास थंडीची भीती नाही.

येथील खरी कसोटी कोरडेपणाची आहे. या भागात वर्षास साधारण आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातील सर्वांत भरवशाचा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो. त्यानंतर डिसेंबरपासून मार्च अखेरीपर्यंत आकाश बहुधा कोरडेच राहते. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या सरी येतात खऱ्या, पण त्या कोणत्या दिवशी येतील, आपल्या अंगणात पडतील की पलीकडच्या गावात, हे कोणी सांगू शकत नाही. २४ एप्रिल २०१६ रोजी बंगळुरूचा पारा ३९.२ अंशांवर गेला होता. २०२४ चा एप्रिल तर शहरात जवळजवळ पावसावाचूनच गेला.

‘सदाहरित’ म्हणजे पान कधी गळतच नाही, असेही समजू नये. सदाहरित झुडूपही जुनी पाने टाकते, पण एकदम न टाकता थोडी थोडी, नवी पाने येत असताना टाकते. म्हणून ते कधी उघडे दिसत नाही. येथे उपयोगी पडणाऱ्या सदाहरित झुडपांची ओळख त्यांच्या पानांवरूनच पटते. पान जाड, चिवट, वरून मेणचट तुकतुकीत असेल, अथवा बारीक किंवा लव असलेले असेल, तर त्यातून पाणी सावकाश उडून जाते. पान मोठे, पातळ आणि मऊ असेल, तर ते झाड पाण्याची मागणी करणार, हे ओळखावे.

एका हिरवळीचा हिशेब

आता पाण्याकडे वळू. देवनहळ्ळी तालुक्यातून बारमाही वाहणारी नदी नाही. घरोघरी भरवसा असतो तो कूपनलिकांवर आणि टँकरवर. भूजलाच्या सरकारी वर्गवारीत हा तालुका ‘अतिउपशा’चा म्हणून गणला गेला आहे. म्हणजे जमिनीत जितके पाणी मुरते, त्याहून अधिक पाणी दरवर्षी उपसले जाते. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने बागांना पिण्याचे पाणी घालण्यास मनाई केली आणि मनाई मोडणाऱ्यास पाच हजार रुपये दंड ठरविला, हे अनेकांच्या स्मरणात असेल.

या पार्श्वभूमीवर एका हिरवळीचा हिशेब करून पाहावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. कडक उन्हाळ्यात हिरवळ टवटवीत ठेवावयाची, तर रोज चार-पाच मिलिमीटर पाणी द्यावे लागते. पन्नास चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५४० चौरस फूट हिरवळीस पाच मिलिमीटरच्या हिशेबाने रोजचे अडीचशे लिटर पाणी झाले. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दररोज १३५ लिटर हे मान धरतात. तेव्हा ती हिरवळ घरातील जवळजवळ दोन माणसांचे पाणी पिऊन टाकते! महिन्याचे साडेसात हजार लिटर झाले; म्हणजे सहा हजार लिटरचा एक टँकर रिता होऊन वर दुसऱ्यास हात घालावा लागला.

त्याच जागेत नीट रुजलेली वीस झुडपे असती आणि प्रत्येकास आठवड्यातून एकदा दहा लिटर पाणी दिले असते, तर महिन्याचे पाणी आठशे लिटरांच्या घरात राहिले असते. हिरवळीचा मोह अगदीच सुटत नसेल, तर मुलांना खेळण्यापुरती लहानशी जागा आपल्या साध्या हरळीसाठी राखावी. हरळी पाण्यावाचून पिवळी पडते, परंतु मरत नाही. पहिला वळीव पडताच ती पुन्हा हिरवी होते. तिचा एकच दोष असा की ती वाफ्यांत घुसते. तेव्हा तिच्या कडेने विटा उभ्या पुरून तिला मर्यादा घालून द्यावी.

झुडपांची निवड

रोपवाटिकेत सर्व रोपे हातभर उंचीचीच असतात, आणि तेथेच आपली फसगत होते. आज गुडघ्याइतके असलेले रोप पाच वर्षांनी किती उंच व किती रुंद होईल, हे विचारल्यावाचून ते घेऊ नये. खिडकीखाली दहा फूट वाढणारे झुडूप लावले, तर त्यास जन्मभर कात्री लावीत बसावे लागते. जेथे तीन फुटांची गरज आहे, तेथे तीन फूटच वाढणारी जात लावावी. दर महिन्याच्या छाटणीपासून सुटका करून घेण्याचा याहून सोपा मार्ग नाही. सोनेरी ड्युरांटाच्या सरळ कापलेल्या कुंपणाचा मोह पुष्कळांना पडतो. पण पावसाळ्यात तीन-चार आठवडे कात्री लागली नाही, की त्याचा सारा नीटनेटकेपणा नाहीसा होतो.

उंच झुडपांत पहिले नाव तगरीचे घ्यावे लागेल. कन्नड शेजारीण तिला ‘नंदिबट्टलु’ म्हणते. सहा-आठ फूट वाढणारी, गडद तुकतुकीत पानांची आणि देवपूजेस बहुतेक वर्षभर पांढरी फुले देणारी ही झाडी एकदा रुजली की फारसे काही मागत नाही. कधी कधी तिच्यावर बोटाएवढी जाड हिरवी अळी दिसते, डोक्याजवळ निळसर डोळ्यांसारखे ठिपके असलेली. ती एका सुंदर पतंगाची अळी होय. भिऊन जाऊन औषध फवारण्याची गरज नाही. अळ्या वेचून टाकाव्या, अथवा तशाच राहू द्याव्या. तगर पुन्हा पालवते.

अडुळसा हा दुसरा विश्वासू गडी. त्याच्या पानांना शेळ्या सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून ज्या वसाहतीस अजून पक्के कुंपण नाही, तेथे त्याचा विशेष उपयोग. फांदीचा तुकडा पावसाळ्यात खोचला तरी तो जगतो. त्याच्या खालोखाल कोरांटीचा उल्लेख केला पाहिजे. तीन-चार फूट उंचीची, काटेरी, पिवळ्या फुलांची ही आपल्याच देशातील झुडी, कुंपणाच्या आतल्या बाजूस ओळीने लावली तर कुत्र्या-मांजरांची वाट आपोआप बंद होते. रोपवाटिकेत ती दर्शनी भागात मांडलेली नसते, मुद्दाम मागावी लागते.

कण्हेरीचे नाव येथे घेताना मात्र थोडे थांबले पाहिजे. कोरडेपणा, धूर, धूळ, खारे पाणी, सारे काही सहन करण्यात तिचा हात धरणारे झुडूप विरळा. महामार्गाच्या मधोमध ती लावतात ती उगाच नव्हे. परंतु तिचे पान, फूल, साल, चीक, सर्वच विषारी आहे. पिवळी कण्हेर किंवा बिट्टी म्हणतात, तिचे बी तर अतिशय घातक. ज्या घरात रांगते मूल आहे, अथवा दारात गाय-शेळी बांधलेली आहे, तेथे केवळ श्रम वाचतात म्हणून कण्हेर लावणे शहाणपणाचे नाही. छाटलेल्या फांद्या कोणत्याही परिस्थितीत जनावरांपुढे पडू देऊ नयेत, आणि जाळूही नयेत, कारण तिचा धूरही अपायकारक असतो.

मध्यम उंचीसाठी एक्झोरा आणि अबोली यांचा विचार करावा. एक्झोराच्या तांबड्या-केशरी गुच्छांनी अंगणास रंग येतो. त्याची बुटकी जात दोन फुटांवर थांबते. त्याला येथील तांबडी, किंचित आंबट माती मानवते. पण नव्या घराच्या आवारातील माती खरी माती नसतेच. तीत सिमेंट, चुना व विटांचे तुकडे मिसळलेले असतात. त्यांनी जमीन अल्कधर्मी होते, आणि जमिनीत लोह असूनही झाडास ते घेता येत नाही. मग कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. कूपनलिकेचे जड पाणी या दुखण्यात भरच घालते. अशा वेळी खताचा मारा करून उपयोग होत नाही. लागवडीपूर्वीच खड्ड्यातील राडारोडा काढून तेथे चांगली तांबडी माती व शेणखत भरणे, हाच खरा उपाय होय.

अबोली तर दक्षिण भारताचीच लेक. येथील बाजारात ‘कनकांबर’ या नावाने तिचे गजरे मिळतात. दोन-तीन फूट उंचीची ही झुडी अर्ध्या सावलीत सुखाने राहते, तेव्हा घराच्या पूर्वेस, जेथे दुपारचे ऊन पोहोचत नाही, तेथे तिची जागा. उघड्या कडक उन्हात तिच्याकडून वैशाखाच्या कसोटीस उतरण्याची अपेक्षा करू नये.

शेजारधर्माचा एक प्रश्न

सुगंधी कुंपणासाठी पुष्कळजण कामिनी निवडतात. हिलाच आपल्याकडे कुंतीही म्हणतात. बारीक तुकतुकीत पाने, पांढऱ्या फुलांचा रात्री दरवळणारा वास, दाट वाढ. तिच्या ठायी उणे काढण्यास जागा नाही. तथापि देवनहळ्ळीत ती लावण्यापूर्वी कुंपणापलीकडे एकवार डोकावून पाहावे.

येथील पपनस प्रसिद्ध आहे. कन्नडमध्ये त्यास ‘चकोता’ म्हणतात. मोठे, रसाळ, गोड गराचे हे फळ या तालुक्याची खूणच आहे, आणि त्यास ‘देवनहळ्ळी’ या नावानेच भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. विमानतळ व वसाहती वाढल्या तशा त्याच्या बागा घटल्या. जी झाडे उरली आहेत, ती म्हणूनच अधिक मोलाची. आता कामिनी ही लिंबू-संत्र्यांच्याच कुळातील. सायला नावाचा एक बारीक कीटक तिच्या कोवळ्या पालवीवर फार आवडीने वाढतो, आणि हाच कीटक लिंबूवर्गीय झाडांत ‘ग्रीनिंग’ नावाचा रोग पसरवितो. त्या रोगावर आजतागायत खात्रीचा उपाय सापडलेला नाही. झाड हळूहळू खंगत जाते. कढीपत्त्यावरही हा कीटक राहतो, परंतु स्वयंपाकघरापुरते एक झाड आणि घरास वेढा घालणारे पन्नास झाडांचे कुंपण, यांत अंतर आहे. शेजारी पपनसाची किंवा लिंबाची झाडे असतील, तर कामिनीचा मोह आवरून तगरीवर समाधान मानावे. आपले श्रम वाचविताना शेजाऱ्याचे नुकसान होऊ नये, हा विचार बागेच्या आखणीत सहसा कोणी करीत नाही. तो झाला पाहिजे.

जमिनीचे पांघरूण

झुडपांमधील मोकळी जमीन उघडी ठेवणे म्हणजे तणांना आमंत्रण देणे होय. उन्हाने ती तापते, पाणी उडून जाते आणि पावसाळ्यात तीच माती वाहून गटारात जाते. म्हणून जमिनीलगत पसरणाऱ्या बुटक्या वनस्पती लावाव्या. एकदा त्यांनी जमीन झाकली की तणास ऊन मिळत नाही, आणि खुरपण्याचे श्रम आपोआप कमी होतात.

भर उन्हाच्या जागी सदाफुली लावावी. मूळची मादागास्करची ही वनस्पती आता आपल्याकडे इतकी रुळली आहे की ती परदेशी आहे हे सांगूनही खरे वाटत नाही. रक्ताच्या कर्करोगावरील व्हिन्क्रिस्टीन हे औषध तिच्यापासूनच मिळते. तिला पाण्याचा तुटवडा चालतो, पाणी तुंबलेले चालत नाही. ती मुळांशी कुजते. उन्हातच पसरणारी दुसरी वनस्पती म्हणजे जलपिंपळी. जमिनीस घट्ट चिकटून ती चटईसारखी पसरते, बारीक पांढरी-जांभळी फुले धरते, तुरळक पायदळ सोसते आणि फुलपाखरांना बोलावते. हिरवळीऐवजी लावण्याजोगी ती उत्तम आहे.

रानभुईमूगही अनेक ठिकाणी लावतात. पिवळ्या फुलांची ही भुईमुगाची नातलग हवेतील नत्र जमिनीत साठविते. तिला थोडे अधिक पाणी लागते, म्हणून ती झाडाच्या विरळ सावलीत बरी. जेथे सावली व कोरडेपणा दोन्ही आहेत, जसे जिन्याखाली, भिंतीच्या उत्तरेस, तेथे सान्सेव्हिएरियाची उभी जाड पाने अथवा वरून हिरवी व खालून जांभळी असलेली ऱ्हिओची पाने निभावून नेतात. ऱ्हिओचा रस मात्र कातडीस खाज आणतो, तेव्हा हाताळताना जपावे.

एक जागा प्रत्येक घरी असते, जेथे भांडी किंवा भाजी धुतलेले पाणी पडते आणि ओल राहते. तेथे कारिवणा लावावा. कर्नाटकात त्यास ‘ओंदेलग’ म्हणतात आणि त्याची चटणी व ताकातील तंबुळी घरोघरी होते. ज्या ओलीची एरवी कटकट वाटते, तिच्यातूनच ताटात एक पदार्थ वाढतो.

पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून वाया जाणारे पाणी बागेस घालण्याची पद्धत आता पडली आहे. ते पाणी अधिक क्षारयुक्त असते. कण्हेर त्यास दाद देत नाही, पण एक्झोरा व अबोलीस ते बाधते. कपडे धुतलेल्या साबणाच्या पाण्याविषयीही सावधच असावे. त्यातील सोडियमने मातीचा पोत बिघडतो.

फार सोपे ते फार महाग

आता एका वनस्पतीविषयी इशारा दिलाच पाहिजे. रोपवाटिकेत ‘कमी श्रमाची वनस्पती’ म्हणून जिचे नाव बहुधा आधी सुचविले जाते, ती वेडेलिया. तीन टोकांची तकतकीत पाने आणि लहान सूर्यफुलासारखी पिवळी फुले, यांवरून ती ओळखता येते. एका पावसाळ्यात ती वाफा झाकून टाकते. तिच्या खोडाचे प्रत्येक पेर जमिनीस टेकताच मूळ धरते, आणि छाटून गटारात टाकलेला तुकडाही पुढे वाहत जाऊन तलावाकाठी वाढू लागतो. मग तेथील मूळच्या लहान वनस्पतींना जागा उरत नाही. जगातील शंभर अतिउपद्रवी परक्या जातींची जी यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञांनी केली आहे, तीत हिचे नाव आहे. पिवळ्या फुलांचीच आवड असेल, तर आपल्याकडील पिवळा माका मिळवावा. तो तिचाच देशी भाऊबंद असून वागणुकीने सौम्य आहे. ओलसर जागी तो चांगला वाढतो.

त्याच यादीत टणटणीही आहे. हिला कोणी घाणेरी म्हणतात. हीदेखील एके काळी शोभेचे सदाहरित झुडूप म्हणूनच अमेरिका खंडातून या देशात आली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात ती लावली गेली, कुंपणांसाठी वाटली गेली. तिचे गुणही आपण आज शोधतो तेच होते. पाणी नको, निगा नको, बारा महिने फुले! पक्ष्यांनी तिचे बी पसरविले आणि आज कर्नाटकातील जंगलांत मैलोगणती तिचे रान माजले आहे. मलेमहादेश्वराच्या डोंगरांत सोलिगा कारागीर तिच्या काटक्यांपासून खुर्च्या-टेबले बनवितात, ही त्या कहाणीतील एक समाधानाची गोष्ट. तरीही दोनशे वर्षांपूर्वी हौसेने लावलेले एक कुंपण उपटण्याचे श्रम अजून संपलेले नाहीत, हे विसरता येत नाही. जे झुडूप आपल्या अंगणात काहीच मागत नाही, ते अंगणाबाहेर काय करील, हा प्रश्न म्हणूनच विचारावा.

दोन वर्षांचे श्रम

लागवड जूनअखेर किंवा जुलैत करावी, म्हणजे पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरचा भरवशाचा पाऊस मुळांना मिळतो. दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा खणून राडारोडा काढावा. माती व कुजलेले शेणखत भरावे. दोन झुडपांतील अंतर त्यांच्या पूर्ण वाढीच्या रुंदीइतके ठेवावे. आरंभी जागा रिकामी दिसेल. त्या रिकाम्या जागेस भिऊन दाट लागवड करू नये, तेथे बुटक्या वनस्पती वीतभर अंतराने लावाव्या.

झुडपांच्या पायाशी वाळल्या पानांचे दोन-तीन इंच आच्छादन घालावे. तांबड्या मातीत वाळवी असते, म्हणून ते आच्छादन खोडास टेकू देऊ नये, चार बोटे अंतर राखावे. पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाणी रोज थोडे थोडे न देता, दोन-तीन दिवसांआड भरपूर द्यावे. रोजच्या शिंपणाने मुळे वरच्या वर राहतात. खोल पाणी दिल्याने ती खाली ओलाव्याच्या शोधात जातात. पंधरा दिवस बाहेरगावी जावयाचे असल्यास आपल्या पूर्वजांची युक्ती उपयोगी पडते. न भाजलेले नव्हे, भाजलेले पण बाहेरून रंग न दिलेले मातीचे मडके झुडपाजवळ गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि वर झाकण ठेवावे. मडक्याच्या अंगातून पाणी झिरपत राहते आणि मुळे त्याभोवती गोळा होतात. लहान झुडपास ते काही दिवस सहज पुरते.

तिसऱ्या वर्षापासून श्रम ओसरू लागतात. पावसाळ्यानंतर एकदा छाटणी, जूनमध्ये टोपलीभर शेणखत, उन्हाळ्यात आठवड्याचे एक पाणी आणि अधूनमधून एखादी अळी वेचणे, इतकेच काम उरते. ते रविवारच्या तासाभरात भागते आणि वर चहा पिण्यास वेळही राहतो.

विमानतळावरील लोंबत्या बागेचे कौतुक आपण अवश्य करावे. तिच्यामागे पाण्याची योजना आहे, कुशल माणसांचे हात आहेत. आपल्या अंगणास त्या बागेशी स्पर्धा करावयाची नाही. सुटी संपवून मंडळी गावाहून परततील, फाटक उघडतील आणि धुळीने माखलेली, पण हिरवी तगर कठड्यापाशी उभी असेल. तिच्या खालच्या सावलीत आजोबांची खुर्ची ठेवता येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी देवास चार पांढरी फुले मिळतील. एवढे झाले, तर निवड बरोबर झाली असे म्हणावयास हरकत नाही.